एका शेळीमागे किती कागद?



वार्षिक हिशेब छापून झाला की आपल्यापैकी काही जण आवर्जून पत्र लिहितात आणि त्यात एक प्रश्न हमखास असतो. शेळीवाटप समजते, लसीकरण समजते, पाण्याची टाकी समजते. पण ‘जनावरांची कागदपत्रे, प्रवास व झेरॉक्स’ ही खर्चाची ओळ कशासाठी? शेळी दिली, कुटुंबासाठी प्रार्थना केली, मग तालुक्याला इतक्या खेपा कशाच्या? प्रश्न रास्त आहे. देणगीचा रुपया कुठे जातो हे विचारण्याचा आपल्याला हक्कच आहे. उत्तर मात्र पोस्टकार्डावर मावणारे नाही, म्हणून हा लेख.

नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पाड्यांवर शेळी ही घरातली ठेव असते. पोराला ताप आला, शाळेचा गणवेश घ्यायचा आहे, बियाणे संपले, की बोकड आठवडे बाजारात जातो. बँकेतून पैसे काढायला पासबुक, आधार आणि रांग लागते. बोकड विकायला इतकी वर्षे फक्त दोर लागत असे. खरेदीदार पाठीवरून हात फिरवी, दात पाही, वजनाचा अंदाज बांधी आणि व्यवहार उभ्याउभ्या होई. आता त्या दोराबरोबर कागदही लागू लागला आहे. हे बदलणे चूक आहे असे आमचे म्हणणे नाही. त्याची किंमत कोण देतो, एवढेच आपल्यापुढे मांडायचे आहे.

पहिला कागद खरे तर कागद नाही, कानातला पिवळा बिल्ला आहे. त्यावर बारा आकडी क्रमांक असतो. लोक त्याला ‘जनावराचे आधार कार्ड’ म्हणतात आणि ते नाव शोभतेही, कारण हा क्रमांक देशभरात एकाच जनावराचा असतो. सरकारी नोंदणीत या क्रमांकापुढे मालकाचे नाव, गाव, मोबाईल, जनावराचे वय, लिंग, जात, टोचलेल्या लसी असे सारे चढते. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांविरुद्ध मोठी लसीकरण मोहीम सुरू केली. पाच वर्षांसाठी १३,३४३ कोटी रुपयांची तरतूद त्यात होती आणि सगळा खर्च केंद्राचा. लस कोणाला दिली, कोणाला राहिली हे कळायचे तर जनावर ओळखता आले पाहिजे, म्हणून बिल्ला. पुढे महाराष्ट्र शासनाने १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या पशुधनाची खरेदी-विक्री आणि वाहतूक करू नये असे ठरवले. नैसर्गिक आपत्तीत, विजेच्या धक्क्याने किंवा वन्यप्राण्याच्या हल्ल्यात जनावर गेले तर नुकसानभरपाईसाठीही बिल्ला हवा, हेही त्यातच आले.

बिल्ला मोफत आहे, लस मोफत आहे. मग खर्च कसला, असे वाटेल. त्याकडे येऊच. आधी हे नियम मुळात हवेत कशाला, ते पाहू.

आपल्यातील नवापूरच्या मंडळींना फेब्रुवारी २००६ आठवत असेल. भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद तिथे झाली. रोग आढळला तो मोठ्या कुक्कुटपालन केंद्रांत, पण नियमानुसार भोवतालच्या गावांतल्या परसातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. २०२१ मध्ये नवापूरवर तीच वेळ पुन्हा आली. मोठ्या केंद्राच्या मालकाकडे पिल्लांच्या खरेदीची पावती असते, खाद्याचे बिल असते, पक्ष्यांची रोजची नोंद असते. परसात बारा कोंबड्या पाळणाऱ्या बाईकडे काय असते? तिला प्रत्येक कोंबडी ओळखू येते, कोणती खुडूक बसली आहे हेही माहीत असते, पण ती ओळख सरकारी नमुन्यात भरता येत नाही. पथक येऊन मोजेल तो तिचा आकडा. मालमत्ता असूनही तिच्या नावावर एक ओळसुद्धा नाही, ही गोष्ट नवापूरला दोनदा दिसली.

दुसरे उदाहरण लम्पीचे. २०२२ मध्ये हा रोग पसरला तेव्हा राज्यभर जनावरांचे बाजार बंद करावे लागले. शासनाने मदत जाहीर केली: दुधाळ गायीला ३० हजार, ओढकामाच्या बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार रुपये. रक्कम चांगली होती. पण बैल लम्पीनेच मेला हे दाखवायचे कसे? पंचनामा पाहिजे, पशुवैद्यकाचा शेरा पाहिजे, पैसे जमा व्हायला मालकाचे बँक खाते पाहिजे. ज्याने मेलेला बैल सकाळीच पुरून टाकला आणि मग दुपारी मदतीची गोष्ट ऐकली, त्याच्या हाती काय राहिले असेल, ते आपण समजू शकता. तेव्हा नोंद ही गरिबाच्या विरोधात नाही. शंभर मेंढरांतले एक हरवल्याचे मेंढपाळाला कळले, ते त्याने मोजले म्हणूनच.

आता कायद्याची एक बाजू सांगायला हवी, कारण तिच्याविषयी बराच गैरसमज आहे. ‘अन्न सुरक्षा कायदा आला, आता गोठ्यालाही परवाना लागणार’ अशी अफवा पाड्यांवर अधूनमधून फिरते आणि तिच्या जोरावर एखादा एजंट दोनशे-पाचशे रुपये उकळूनही जातो. वस्तुस्थिती वेगळी आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ च्या कलम १८ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की हा कायदा शेतकऱ्याला, मच्छीमाराला, शेतीच्या कामाला, पिकांना आणि पशुधनाला लागू नाही. जिवंत शेळी ही कायद्याच्या व्याख्येत अन्नच नाही. म्हणजे जिवंत बोकड किंवा कोंबडी बाजारात विकणाऱ्याला या कायद्याखाली कोणतीही नोंदणी लागत नाही.

दूध विकणाऱ्याचे तसे नाही. पण तिथेही एक सोय आहे आणि ती फारच थोड्यांना ठाऊक असते. २०११ च्या नियमांनुसार जो दूध उत्पादक नोंदणीकृत सहकारी दूध संस्थेचा सभासद आहे आणि आपले सगळे दूध संस्थेलाच घालतो, त्याला वेगळ्या नोंदणीची गरज नाही. ‘सगळे’ हा शब्द महत्त्वाचा. सकाळचे दूध संस्थेला आणि संध्याकाळचे चहाच्या टपरीला, असे केले की सवलत गेली. घरोघरी रतीब घालणारा किंवा कोंबडी-बोकड कापून मांस विकणारा लहान धंदेवाईक असेल, तर त्याने नोंदणी करायची. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असावी, अशी अट २०११ च्या मूळ नियमांत होती. दिवसाला १० लहान जनावरे किंवा ५० कोंबड्या एवढी कापण्याची मर्यादा. या नोंदणीचे शुल्क त्या नियमांत वर्षाला १०० रुपये ठेवले आहे. शंभर रुपये. यात अन्याय कुठे आहे, असे कोणीही म्हणेल. आम्हीही शुल्काला अन्याय म्हणत नाही.

तर मग हमी मागतो कोण? शेतकऱ्याच्या गोठ्यात अन्न खात्याचा माणूस येत नाही. येतो तो विमा कंपनीचा, बँकेचा, खरेदीदाराचा, नुकसानभरपाई देणाऱ्या कार्यालयाचा. प्रत्येकाला खात्री हवी आहे की हे जनावर याच मालकाचे आहे, निरोगी आहे, लस टोचलेले आहे. प्रत्येकाचा नमुना वेगळा, कार्यालय वेगळे आणि वार वेगळा. एकेक मागणी स्वतंत्रपणे घेतली तर शहाणपणाची आहे. एकाच घरावर त्या सगळ्या येऊन पडतात तेव्हा काय होते, ते शेळीच्या विम्याच्या उदाहरणाने पाहू.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने पशुधन विम्याच्या हप्त्यातला पशुपालकाचा हिस्सा १५ टक्क्यांवर आणला. पूर्वी तो २० ते ५० टक्के होता. उरलेले ८५ टक्के केंद्र आणि राज्य ६० व ४० या प्रमाणात भरतात. एका कुटुंबाला शंभर शेळ्या-मेंढ्यांपर्यंत विमा उतरवता येतो. ही खरोखर चांगली योजना आहे आणि आम्ही ती प्रत्येक पाड्यावर सांगतो.

समजा, शेळीची किंमत ८ हजार धरली आणि हप्त्याचा दर ४ टक्के. पूर्ण हप्ता ३२० रुपये. त्यातला पशुपालकाचा वाटा ४८ रुपये. पाच शेळ्यांचे २४० रुपये झाले. आता यासाठी निदान दोनदा तालुक्याला जावे लागते असे धरा. एकदा अर्ज, फोटो आणि आरोग्य दाखल्यासाठी. दुसऱ्यांदा राहिलेला कागद देण्यासाठी, कारण एक कागद राहतोच. २०२५-२६ साठी महाराष्ट्रातला रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. दोन दिवस बुडाले की ६२४ रुपये गेले, आणि जीपचे भाडे, झेरॉक्स, चहा-भजी वेगळी. पाच शेळ्यांवर वाटले तर बुडालेल्या मजुरीचाच भार शेळीमागे सुमारे १२५ रुपये पडतो, म्हणजे हप्त्याच्या अडीचपट. सपाटीवरच्या ज्या शेतकऱ्याकडे पन्नास शेळ्या आहेत, त्यालाही दोनच खेपा पडतात. त्याचा भार शेळीमागे साडेबारा रुपये. शिवाय त्याच्याकडे मोटारसायकल असते.

सरकारने हप्ता स्वस्त केला, पण वाट स्वस्त झाली नाही. आमच्या हिशेबातली ती ओळ म्हणजे ही वाट.

हा झाला विमा उतरवण्याचा खर्च. दावा करण्याची गोष्ट याहून अवघड आहे आणि ती पावसाळ्यात घडते, कारण शेळ्या मरतात त्या पावसाळ्यात. समजा, अक्कलकुवा किंवा धडगाव तालुक्यातल्या उंचावरच्या एखाद्या पाड्यावर रात्री शेळी मेली. विमा कंपनीला लगेच कळवायचे आहे, पण मोबाईलला रेंज टेकडीच्या माथ्यावर. पशुवैद्यकाने शवविच्छेदन करून अहवाल दिल्याशिवाय दावा पुढे सरकत नाही. त्या डॉक्टरांकडे कितीतरी गावे आहेत. त्यांनाही ओढ्याला पूर आला तर थांबावेच लागते. (दवाखान्याचे लोक येत नाहीत, अशी तक्रार सोपी असते. आम्ही त्यांच्यापैकी अनेकांना गुडघाभर चिखलातून लसीची पेटी खांद्यावर घेऊन जाताना पाहिले आहे.) तोवर मेलेली शेळी तशीच ठेवायची. दमट हवेत दुसऱ्या दिवशी वास सुटतो, कुत्री येतात, शेजारी बोलू लागतात. घरचा म्हातारा म्हणतो, पुरून टाका आता. आणि पुरली की दावा संपला.

त्यात बिल्ल्याची अट. विम्याच्या व्यवहारात नियमच आहे: बिल्ला नाही तर दावा नाही. मेलेल्या जनावराच्या कानात तोच बिल्ला, तोच क्रमांक दिसला पाहिजे. शेळी ही काट्याकुट्यात तोंड घालणारी जात. करवंदीच्या जाळीत कान अडकला की बिल्ला फाटून पडतो. पडल्यावर ताबडतोब नवा बसवून कंपनीला नवा क्रमांक कळवायचा असतो, हे विमा उतरवताना कोणीतरी सांगितलेले असते, पण भरभर आणि मराठीत. ऐकणारी बाई घरात पावरी किंवा भिली बोलते. शिवाय विमा उतरवल्यापासून साधारण पहिले पंधरा दिवस रोगाने झालेल्या मृत्यूची भरपाई मिळत नाही. आजारी शेळी दाखवून विमा काढू नये म्हणून ही अट आहे आणि ती योग्यही आहे. पण आधी समजावली नाही तर माणूस म्हणतो, ‘पैसे घेतले आणि फसवले.’ एका घराचा दावा असा फिसकटला की सगळा पाडा पुढच्या वर्षी विम्याला नको म्हणतो. आमच्या कामात यापेक्षा मोठे नुकसान नाही.

बिबट्याने शेळी नेली तर मार्ग वेगळा. तिथे विमा कंपनीऐवजी वन विभाग येतो. हल्ल्यानंतर ४८ तासांच्या आत जवळच्या वन कर्मचाऱ्याला कळवायचे आणि पंचनामा होईपर्यंत जनावर जागेवरून हलवायचे नाही. यातही बिल्ला लागतोच. वाहतुकीचे नियम आणखी वेगळे आहेत: शेळ्या-मेंढ्यांचा प्रवास सहा तासांहून अधिक असेल तर पशुवैद्यकाचा दाखला लागतो. आपल्या लोकांचा बाजार जवळचा असल्याने हा दाखला बहुधा व्यापाऱ्याच्या वाट्याला येतो. ती किंमत तो कोणाकडून वसूल करतो, हे वेगळे सांगायला नको.

आता नावांविषयी. हा विषय क्षुल्लक वाटेल, पण आमच्या कार्यकर्त्यांचा सर्वांत जास्त वेळ यात जातो. पावरा हे आडनाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते. आधार कार्डावर एक स्पेलिंग, पासबुकात दुसरे, रेशन कार्डावर बापाच्या नावाऐवजी आजाचे नाव. मराठी वाचणाऱ्याला तिन्ही एकच वाटतात. संगणकाला ती तीन माणसे वाटतात. भरपाई मंजूर झाली तरी खात्यात उतरत नाही. मग स्पेलिंग दुरुस्तीसाठी आधार केंद्र, तिथली रांग आणि पुन्हा एक दिवस बुडाला.

त्याहून खोल प्रश्न मालकीचा आहे. शेळ्या बहुतेक घरांत बायकांच्या असतात. त्या चारतात, करडे सांभाळतात, कोणता बोकड कधी विकायचा तेही ठरवतात. पण नोंदणी करताना मोबाईल क्रमांक विचारला जातो आणि मोबाईल नवऱ्याच्या खिशात असतो. म्हणून नाव त्याचे चढते. दिवाळीनंतर तो ऊसतोडीला गुजरातमध्ये गेला की मोबाईलही गेला. पुढल्या वर्षी बहुधा क्रमांकही बदललेला. घरी राहिलेल्या बाईच्या शेळीचे सगळे संदेश सुरतेकडच्या कुठल्यातरी फडात वाजत राहतात. म्हणून आम्ही आता आग्रह धरतो की नोंद बाईच्या नावावर, खाते तिचे आणि फोन नसेल तर पाड्यावरच राहणाऱ्या भरवशाच्या व्यक्तीचा. यावरून काही घरांत थोडी कुरबुर होते. ती आम्ही सोसतो.

हा प्रश्न आपल्या पाड्यांपुरता नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्यांची मुले इंग्लंडमध्ये आहेत, त्यांनी तिथल्या दुकानांत मांसाच्या पाकिटावर लाल ट्रॅक्टरचे चिन्ह पाहिले असेल. २००० साली सुरू झालेली ती हमी-योजना आहे. तपासनीस गोठा पाहतो, औषधांची वही पाहतो, वर्गणी घेतो. सरकारी सक्ती नाही, पण मोठी दुकाने चिन्हाशिवायचा माल घ्यायला नाखूश, त्यामुळे शेतकऱ्याला ती सक्तीच वाटते. तिथेही तक्रारी वाढल्या, तेव्हा शेतकरी संघटनांनीच अशा योजनांचा स्वतंत्र आढावा घेण्याची व्यवस्था केली आणि त्याचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये आला. शेकडो जनावरे, संगणक आणि हिशेबनीस असलेला तिथला शेतकरी जर कागदांनी त्रासतो, तर पाच शेळ्या असलेल्या आणि सही करायला नुकत्याच शिकलेल्या बाईकडून आपण काय अपेक्षा करतो, याचा विचार व्हावा.

यावर आमच्या अनुभवाला पटलेला उपाय साधा आहे: एकट्याने तालुक्याला जायचे नाही. वरचा हिशेब पुन्हा पाहा. पाच-पाच शेळ्यांची दहा घरे एकत्र आली की पन्नास शेळ्या होतात आणि खेपा दोनच राहतात. पाड्यावरची दहावी-बारावी झालेली एक मुलगी किंवा मुलगा दहा घरांचे कागद घेऊन जातो आणि त्या दिवसाची मजुरी संस्था देते. एकाच दिवशी पन्नास शेळ्या एका ठिकाणी बांधलेल्या असतील, तर पशुवैद्यकीय कर्मचारीही पाड्यावर यायला राजी होतात. त्यांचाही दिवस सार्थकी लागतो. बिल्ला, लस, आरोग्य दाखला आणि विम्याचा फोटो ही चारही कामे एका सकाळीत होऊ शकतात. शेळी आणि मालकीण यांचा तो फोटो आम्ही दोन प्रतींत छापून घेतो, एक कागदांसाठी आणि एक घरासाठी. घरातली प्रत बहुधा कॅलेंडरशेजारी चिकटवलेली दिसते.

सेंद्रिय मालाच्या बाबतीत सरकारनेच अशी गटाची वाट काढून दिली आहे. निर्यातीसाठी जे सेंद्रिय प्रमाणपत्र लागते, त्यात बाहेरची प्रमाणन संस्था तपासणी करते आणि तिचे शुल्क लहान शेतकऱ्याला झेपत नाही. पण देशातल्या बाजारासाठी ‘सहभागी हमी पद्धत’ आहे, तिला ‘पीजीएस-इंडिया’ म्हणतात. निदान पाच शेतकऱ्यांचा गट करायचा, प्रतिज्ञा घ्यायची, एकमेकांच्या शेतावर आणि गोठ्यात जाऊन पाहणी करायची, नोंदी ठेवायच्या. पाहणाऱ्याला शेजाऱ्याचे शेत ठाऊक असते, त्यामुळे फसवणूक लपत नाही. बाहेरच्या तपासनिसाचा खर्च नसतो. पशुपालनाची मानकेही या पद्धतीत आहेत. अडचण एवढीच की नोंदी लिहाव्या लागतात, आणि शेजाऱ्याची चूक तोंडावर सांगावी लागते. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड जाते. एखाद्याने युरियाची गोणी लपवली हे गटाला माहीत असते, पण बोलणार कोण? तो कोणाचा तरी मेहुणा असतो. अशा बैठकीत मंडळीचे वडीलजन उपयोगी पडतात असे आम्हाला दिसले आहे. त्यांच्यासमोर बोलायची लोकांना सवय असते.

आपल्या देणगीतून पाड्यावर जे जाते ते असे आहे. प्रत्येक शेळीवाल्या घराला एक प्लास्टिकची जाड पिशवी, पावसात टिकणारी. तिच्यात आधार आणि पासबुकाची झेरॉक्स, विम्याचा कागद, फोटो आणि एक छोटी वही. वहीत बिल्ल्याचा क्रमांक, लसीची तारीख, व्यायली त्याची तारीख. वाचता येत नसेल त्या घरी शाळेत जाणारे पोर लिहिते. पिशवीच्या आत एक चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर तीन चित्रे: मेलेली शेळी पुरू नका, कानाचा फोटो काढा, या क्रमांकावर फोन करा. हा क्रमांक पाड्यावरच्या त्या मुलीचा किंवा मुलाचा. पिशवी छताच्या वाशाला टांगायची, कारण जमिनीवर ठेवली तर वाळवी आणि चुलीजवळ ठेवली तर धूर.

सगळीकडे हे जमले आहे असे नाही. जिथे मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तिथे वह्या कोऱ्या पडल्या आहेत. दोन पाड्यांवर गट फुटला. काही घरांनी बिल्ला लावू दिला नाही, कारण कान टोचल्यावर शेळी दोन दिवस चरली नाही. त्यांना समजावण्यापेक्षा शेजारच्या घराची शेळी दाखवणे जास्त उपयोगी पडते.

पुढील कामाचे वेळापत्रक लाळ्या-खुरकुताच्या सहामाही लसीकरणाला आणि दिवाळीनंतरच्या स्थलांतराला धरून आखले आहे. माणसे ऊसतोडीला निघण्यापूर्वी नोंदी बाईच्या नावावर करून घ्यायच्या आहेत. त्यासाठी जुने पण चालणारे स्मार्टफोन हवे आहेत. काचेला तडा असला तरी कॅमेरा नीट असावा. युवक संघातल्या ज्या दोघातिघांना दिवाळीच्या सुटीत आठवडाभर येता येईल, त्यांनी आपल्या पाळकांमार्फत कळवावे. आधार आणि पासबुकातली नावे जुळवून याद्या करण्याचे काम एका जागी बसून होते, त्यामुळे ज्यांना डोंगर चढवत नाही त्यांनीही संकोच करू नये.